पक्कं बिल नाही आणि साडीत दोष निघाला, दुकानदार बदलून देत नाही. काय करता येईल?

वाईची_लेक (३० नोव्हेंबर, रात्री ९:४०)

नमस्कार. प्रश्न साडीचा आहे, पण खरं तर आईचा चेहरा बघवत नाहीये म्हणून लिहितेय. जरा मोठं होईल, सांभाळून घ्या.

१४ डिसेंबरला माझ्या मामेबहिणीचं लग्न आहे. आई नवरीची आत्या, त्यामुळे आहेराची साडी आमच्याकडून. आई वाईला असते, ब्लाउज आणि परकर शिवते, पस्तीस वर्षं तेच काम. शिलाईतून बाजूला टाकलेले ३,००० रुपये रुमालात बांधून ती २२ तारखेला, शनिवारी, एसटीने पुण्याला आली. स्वारगेटला तिला घेतलं आणि लक्ष्मी रस्त्याच्या आतल्या बाजूला असलेल्या एका दुकानात गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही. शनिवारची संध्याकाळ, त्यात लग्नसराई, गादीवर टेकायला जागा नव्हती. दोन तासांनी आईला एक गर्द जांभळी, मोरपंखी काठाची साडी पसंत पडली. ४,८५० रुपये. आईचे ३,००० रोख दिले, वरचे १,८५० मी मोबाइलवरून भरले.

बिलाचं विचारलं तर विक्रेता म्हणाला, "पक्कं पाहिजे तर जीएसटी वर लागेल, कशाला उगीच?" आणि कोऱ्या चिठोऱ्यावर ४८५० लिहून खाली रेघ मारून दिली. त्यावर ना दुकानाचं नाव, ना तारीख. मी मान डोलावली. ती चूक माझी, आईची नाही. तो चिठोराही आता सापडत नाही.

सोमवारी वाईला आईने फॉल लावायला साडी उलगडली. फॉल ती स्वतःच लावते. ओसरीवरच्या उजेडात तिला पदरापासून दीडेक हातावर एक पट्टा दिसला, चार बोटं रुंद. तिथे आडवे धागेच कमी आहेत, मागे बोट धरलं तर नख दिसतं. दुकानात ट्यूबलाइटखाली पदर दाखवला, काठ दाखवले, मधलं अंग घडीतच राहिलं होतं.

बुधवारी ती पुन्हा एसटीने आली. दुकानात आधी म्हणाले, "बिल आणा, मग बघू." मग म्हणाले, "साडी आमचीच कशावरून?" शेवटी, "फॉल लावताना ओढली असेल." फॉल लागलेलाच नाही, सुईचं एक भोक नाही, हे आईने काठ पुढे करून दाखवलं, तोवर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलाही होता. त्याच्या डोक्यावर पाटी: 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' आईने त्या गर्दीत उभं राहून काठाला काठ जुळवत साडीची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि आम्ही बाहेर पडलो. रिक्षात एवढंच म्हणाली, "लोकांचं कापड आयुष्यभर उजेडाला धरून बघितलं, आणि स्वतःचं तेवढं बघायचं राहिलं."

तेव्हापासून धड बोलत नाही. म्हणते, राहू दे, दुसरी हलकीशी घेऊ. मला पैसे परत नकोत, तिला त्याच भावातली चांगली साडी मिळावी एवढंच वाटतं. बिल नसताना काही होऊ शकतं का? आणि गेले तर बोलायचं कसं?

भोरकर (३० नोव्हेंबर, रात्री १०:१५)

वाचून वाईट वाटलं. माझा एक शर्ट असाच गेला, मी सोडून दिला होता. पण तुम्ही १,८५० मोबाइलवरून दिलेत ना? ते कोणाच्या नावावर गेले ते आधी बघा. दुकानाच्या नावाने गेले असतील तर तुमच्या हातात पुरावा आहे. कधी कधी दुसऱ्याच कुणाच्या खात्याचा कोड चिकटवलेला असतो, तसं असलं तर जरा अवघड.

वाईची_लेक (३० नोव्हेंबर, रात्री १०:३२)

आत्ता बघितलं. दुकानाच्याच नावाने आहेत. २२ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४२. हे मला सुचलंच नव्हतं. धन्यवाद.

गादीवरचा (१ डिसेंबर, सकाळी ६:५०)

ताई, मी ३१ वर्षं साडीच्या दुकानात गादीवर बसलो. सुरुवात सांगलीला, नंतर दादरला. आता घरीच असतो. तुमच्या आईंनी त्या गर्दीत काठ जुळवून घडी घातली हे वाचलं आणि रात्री झोप लागेना, म्हणून सकाळी उठून लिहितोय.

पहिली गोष्ट. साडीच्या काठाला आतून दोऱ्याने अडकवलेली किंवा चिकटवलेली बारीक चिठ्ठी अजून आहे का? तिच्यावर काळ्या रेघा असतील, भाव असेल, आणि बहुतेक दोन-चार अक्षरं असतील ज्यांचा काही अर्थ लागत नाही. ती अक्षरं म्हणजे दुकानाच्या खरेदीचा भाव. जुन्या दुकानांत दहा अक्षरांचा एक शब्द ठरलेला असतो, एकेका अक्षराला एकेक आकडा, म्हणजे गिऱ्हाइकासमोर चिठ्ठी वाचली तरी त्याला कळत नाही. आमच्या शेठचा शब्द मला आजही पाठ आहे. ज्या दुकानाची अक्षरं त्याच दुकानाची साडी. ती चिठ्ठी असेल तर "आमचीच कशावरून" हा प्रश्न मिटला. तिला हात लावू नका, घडीतच राहू द्या.

दुसरी गोष्ट, विक्रेत्याशी वाद घालू नका. त्याच्या हातात काही नसतं. आमच्याकडे विक्रीवर महिन्याअखेरीस थोडी बक्षिसी मिळायची आणि परत आलेली साडी ज्याने विकली त्याच्या हिशेबातून वजा व्हायची. पगार बेताचा असताना माणूस आधी 'नाही' म्हणतो. मी स्वतः म्हणालो आहे आणि त्यातल्या एक-दोन बायकांचे चेहरे अजून आठवतात. तुम्हाला मालक गाठायचा आहे. गल्ल्यावर बसणारा नाही, खरेदी करणारा. "खरेदी कोण बघतं?" असंच विचारा.

आता मालकाच्या मनात काय असतं ते सांगतो. त्याला भीती नेसलेल्या साडीची असते. लग्नात एक दिवस नेसायची आणि परत आणायची, हे चालतं. आणि बिल नसताना दुसऱ्या दुकानातली साडीही खपवायचा प्रयत्न होतो. म्हणून बिल मागतात, ते अगदीच चुकीचं नाही. पण नेसलेली साडी हाताला कळते. कमरेला खोचलेल्या भागात आडवी मोड राहते, ती इस्त्रीने पुरती जात नाही. खांद्याशी पिनेची भोकं असतात. खालच्या काठाला आतून धूळ बसते. पदराला कुठे तरी हळदीचा नाही तर अत्तराचा डाग. तुमच्या साडीत यातलं काहीच नाही, तर ते आपणहून दाखवा. काठ उलटा करून त्याच्या हातात द्या.

पट्ट्याचं म्हणाल तर मागावरचा दोष आणि ओढून झालेला दोष वेगळे दिसतात. मागावर ठोक हलका पडला की आडवी वीण विरळ होते, आणि ती आडव्या रेषेत सरळ, या काठापासून त्या काठाकडे जाते. ओढलं गेलं तर कापड तिरकं सरकतं, भोवती सुरकुत्या धरतात, धाग्यांची टोकं पिंजतात. तुमच्या आई पस्तीस वर्षं शिवतात म्हणजे त्यांना हे माझ्याइतकंच कळतं. त्यांनाच बोलू द्या. तुम्ही मोबाइलमधली नोंद तेवढी काढून ठेवा.

मालकाला एकदा पटलं की हे मागावरचं आहे, मग त्याचं फारसं जात नाही. दोषाचा माल आम्ही व्यापाऱ्याला परत पाठवायचो, माल सुरतेचा असो की बंगळूरुचा. तो बदलून द्यायचा नाहीतर पुढच्या बिलातून वजा करायचा. नेसलेली साडी दुकानाच्या अंगावर पडते, दोषाची पडत नाही. हे गिऱ्हाइकांना ठाऊक नसतं आणि दुकानदार आपणहून सांगत नाही.

वेळेचं बघा. भवानी व्हायच्या आधी जाऊ नका. पहिली विक्री व्हायच्या आत परतीची साडी दारात आली की जुना मालक ती अपशकुनासारखी घेतो आणि मग कितीही खरं बोला, ऐकत नाही. तुम्हाला हे पटो न पटो, त्याचा मान ठेवला तर तुमचं काम होतं. संध्याकाळी पाचनंतर तर मुळीच नको. मंगळवार किंवा बुधवार, सकाळी साडेअकराच्या सुमारास, गर्दी नसते आणि मालकाचा चहा झालेला असतो. "पैसे परत द्या" असं म्हणायचं नाही, "याच भावातली दुसरी दाखवा" म्हणायचं. एकदा गादीवर साड्या पडायला लागल्या की अर्धं काम झालं.

एक आठवण सांगतो. सांगलीला असताना मिरजेहून एक बाई आल्या, पाडव्याला मुलीला घेतलेली साडी, पदरातली जर काळी पडलेली. बिल नाही. शेठ नाही म्हणत होते. मी साडी उचलली आणि घडी बघितली. मी साडीची घडी घालताना पदर आत घेऊन तिसरी मोड उलटी घालत असे, दुकानात दुसरं कोणी तसं घालत नव्हतं. बाईंनी साडी आठ दिवसांत उघडलीच नव्हती, सणाच्या दिवशी नुसता पदर वर करून बघितला होता. मी शेठना म्हणालो, ही माझ्या हाताची घडी आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि दुसरी साडी काढायला सांगितली. त्या बाईंनी पुढे घरातल्या तीन लग्नांचे बस्ते आमच्याकडेच बांधले.

वाईची_लेक (१ डिसेंबर, सकाळी ८:०५)

काका, चिठ्ठी आहे! काठाच्या आत, पांढऱ्या दोऱ्याने अडकवलेली. आईला फोन करून विचारलं. रेघा आहेत, ४८५० आहे आणि खाली तीन इंग्रजी अक्षरं पेनाने लिहिलेली. तिला तुमचं सगळं वाचून दाखवलं. मागावरच्या दोषाचं ऐकल्यावर म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं, मी तेच सांगत होते त्याला." त्या बुधवारनंतर एवढं मोठं वाक्य पहिल्यांदा बोलली.

कपड्यांचं_दुकान_जळगाव (१ डिसेंबर, दुपारी २:२०)

दुसऱ्या बाजूने लिहिते. आमचं लहान मुलांच्या तयार कपड्यांचं छोटं दुकान आहे, मी आणि माझे यजमान दोघंच बघतो. ताईंच्या बाबतीत त्या दुकानाचं चुकलं, यात शंका नाही. स्वतः बिल द्यायचं नाही आणि मग तेच मागायचं, हा अन्याय आहे.

पण बिल नसलेला कपडा परत घेताना आमच्या पोटात गोळा येतो तो कशाने, तेही कळावं. गेल्या वर्षी एक शेरवानी परत आली, "माप लहान झालं" म्हणून. खूणचिठ्ठी जागेवर, घडी व्यवस्थित. घेतली. दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवताना खिशात हात घातला तर अक्षता निघाल्या. त्या बाईंसमोर मला इतकं ओशाळल्यासारखं झालं. ती शेरवानी शेवटी भाच्याला दिली.

तेव्हापासून मी प्रत्येक विक्रीला गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर बिलावर घेते. बिल हरवलं तरी नंबरावरून दोन मिनिटांत सापडतं, बिलाची मागणीच करावी लागत नाही. सात दिवसांत, खूणचिठ्ठीसकट आणलं तर माप बदलून देते, पैसे देत नाही. आतले कपडे आणि टोपरी बदलून देत नाही, ते कोणीच देऊ नयेत. शिलाई उसवली, चेन बिघडली, पहिल्या धुण्यात रंग गेला, तर बिल असो नसो, घेते. कंपनी मला ते बदलून देते, मग मी गिऱ्हाइकाला का अडवू?

गिऱ्हाइकांनी एक करावं. बारशाला किंवा वाढदिवसाला कपडे घेताना दुकानात आधीच सांगावं की भेट द्यायचंय, माप बदलावं लागेल. मी तेव्हा खूणचिठ्ठीवरचा भाव खोडून मागे तारीख आणि सही टाकून देते. ज्याला भेट मिळाली त्याला बिल मागायचा संकोच राहत नाही.

ग्राहकमैत्रीण (१ डिसेंबर, संध्याकाळी ७:३०)

मी ग्राहक मार्गदर्शनाचं काम स्वयंसेवक म्हणून करते, कापडाच्या तक्रारी दिवाळीनंतर नेहमी वाढतात. काकांनी सांगितलंय तसंच आधी करा, बहुतेक तिथेच काम होईल. तरी कायदा तुमच्या बाजूने काय म्हणतो ते माहीत असलं की आवाज थरथरत नाही, म्हणून लिहिते.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. अनुचित व्यापारी प्रथा कोणत्या, हे त्याच्या कलम २(४७) मध्ये दिलंय. विकलेल्या मालाचं बिल न देणं ही त्यातलीच एक. म्हणजे तुमच्याकडे बिल नाही हा तुमचा गुन्हा नाही, ती त्यांची चूक आहे. त्याच कलमात पुढे आहे की दोष असलेला माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथा. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर ती मुदत, नसेल तर ३० दिवस. तुमची खरेदी २२ नोव्हेंबरची, म्हणजे अजून तीन आठवडे आहेत. लग्न त्याच्या आत आहे म्हणून उद्याच निघा.

भिंतीवरच्या पाटीने हा हक्क जात नाही. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं बिलावर छापू नये, हे केंद्र सरकारने राज्यांना १९९९ मध्येच कळवलं होतं, तरी तशी पाटी अजून निम्म्या दुकानांत दिसते आणि लोक तिच्याकडे बघून परत फिरतात. मला याचा खरोखर राग येतो. आईंसारखं माणूस दोन वेळा एसटीचा प्रवास करून येतं आणि एका पत्र्याच्या पाटीपुढे गप्प होतं.

जीएसटीचं त्यांनी जे सांगितलं तेही ऐकून घेऊ नका. नोंदणी असलेल्या दुकानदाराने २०० रुपयांच्या वरच्या विक्रीचं बिल द्यायचंच असतं, गिऱ्हाइकाने मागितलं नाही तरी. 'पक्कं' आणि 'कच्चं' हा पर्याय तुमच्यापुढे ठेवायचा त्यांना अधिकारच नाही.

एक मर्यादाही लक्षात ठेवा. हा हक्क दोषाच्या मालाला आहे. रंग आवडला नाही, घरी जाऊन मन बदललं, माप चुकलं, यासाठी दुकानदारावर कायद्याची सक्ती नाही, ते त्याच्या धोरणावर. जळगावच्या ताई देतात तो त्यांचा चांगुलपणा.

नाहीच ऐकलं तर १९१५ वर फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं. ते दुकानाशी संपर्क साधतात, पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. त्यानंतर दुकानाला साध्या मराठीत एक पत्र: कोणत्या दिवशी, किती रुपये, कसे दिले, दोष काय, किती दिवसांत काय हवं. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. तरी नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही, दोन वर्षांपर्यंत तक्रार करता येते, 'ई-जागृती'वर घरबसल्याही. मोबाइलवरची १,८५० ची नोंद, साडीवरची चिठ्ठी, दोषाचे दिवसाच्या उजेडातले फोटो आणि तुम्हा दोघींचं म्हणणं, एवढा पुरावा आहे. रोख दिलेल्या ३,००० ची नोंद नसली तरी चिठ्ठीवर ४८५० छापलेलं आहे, ते विसरू नका.

उद्या दुकानात विचारा की कॅमेऱ्याचं चित्रण किती दिवस ठेवतात. बहुतेक ठिकाणी काही दिवसांनी ते आपोआप पुसलं जातं, म्हणून उशीर नको.

आणि आहेरात मिळालेल्या साडीत दोष निघाला तर? बऱ्याच जणी विचारतात. विकत घेणाऱ्याच्या संमतीने जी व्यक्ती वस्तू वापरते तीही कायद्याने ग्राहकच. नवरीलाही तक्रार करता येते.

लीड्सकर (१ डिसेंबर, रात्री ११:५०)

इथे इंग्लंडमध्ये २०१५ च्या कायद्याने दोषाची वस्तू ३० दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात, आणि खरेदीचा पुरावा म्हणजे बिलच लागतं असं नाही, बँकेची नोंद चालते. मी आईला पाठवलेला स्वेटर उसवला तेव्हा बँकेचा कागद नेला होता, काउंटरवरच्या मुलीने दुसरा प्रश्न विचारला नाही. भेट घेताना भाव नसलेलं वेगळं बिल मागून घ्यायची इथे सवय आहे, ते पाकिटात घालून देतात. जळगावच्या ताई खूणचिठ्ठीमागे सही करून देतात ते वाचून तेच आठवलं. बाकी माझ्या आईची साडीही दादरलाच घेतलेली असायची. काका, कदाचित तुमच्याच गादीवरून.

वाईची_लेक (३ डिसेंबर, सकाळी ७:१५)

काल जाऊन आलो. सगळं लिहिते, कारण तुम्हा सगळ्यांचं त्यात काहीतरी आहे.

आई पहाटेच्या गाडीने आली. साडेअकराला दुकानासमोर पोचलो. आई आत जाईना. म्हणाली, एक गिऱ्हाईक पिशवी घेऊन बाहेर येऊ दे. समोरच्या पायरीवर दहा मिनिटं थांबलो. एक जोडपं पिशवी घेऊन बाहेर आलं, तेव्हा ती उठली.

"खरेदी कोण बघतं?" असं विचारल्यावर विक्रेत्याने जरा दचकून आत बघितलं. आतून एक वयस्कर गृहस्थ आले. आईने पिशवीतून साडीच्या आधी एक पांढरा कागद काढला, माझ्या लेकीच्या चित्रकलेच्या वहीचा. तो गादीवर पसरला, त्यावर साडीचा तो भाग ठेवला आणि हाताने सारखा केला. गडद जांभळ्यातून पांढरी पट्टी इतकी स्वच्छ दिसली की मीही पहिल्यांदाच नीट बघत होते. आई म्हणाली, "ओढल्याचं असतं तर इथे सुरकुती धरली असती. ही बघा, काठापर्यंत सरळ गेलीय. ठोक हलका पडलाय." मग काठ उलटा करून त्यांच्या हातात दिला. "सुई लागलेली नाही. नेसलेली नाही."

त्यांनी चष्मा लावला, कापड बोटांत धरून बघितलं, मग चिठ्ठी उलटीपालटी करून ती तीन अक्षरं वाचली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माल आमचाच आहे. बिल?" मी मोबाइल पुढे केला: १,८५०, संध्याकाळी ६:४२. "बाकी ३,००० रोख दिले, बिल मागितलं होतं, जीएसटी वर लागेल असं सांगून दिलं नाही." विक्रेता खाली बघत होता. कायद्याचं एक वाक्यही मला बोलावं लागलं नाही, पण ग्राहकमैत्रीण, ते डोक्यात होतं म्हणून मी त्यांच्या डोळ्यात बघून बोलू शकले. त्यांनी विक्रेत्याला माझ्यासमोर काही म्हटलं नाही. आईला म्हणाले, "बसा ताई, साड्या काढतो."

तशी जांभळी दुसरी नव्हती. आईने वांगी रंगाची, लाल काठाची घेतली. ५,२०० ची होती. वरचे ३५० ते नको म्हणत होते, आईने रुमालातून काढून गल्ल्यावर ठेवले. मग ती साडी उचलून दाराशी गेली आणि उंबऱ्याजवळच्या उजेडात साडेपाच मीटर पूर्ण उलगडली. एक टोक माझ्या हातात, एक तिच्या, आणि हातभर हातभर सरकवत ती बघत गेली. गिऱ्हाइकं थांबून बघत होती. एक काकू आपली घेतलेली साडी घेऊन तिच्याकडे आल्या, "माझीही बघता का जरा?" आईने ती पण बघितली.

५,२०० चं पक्कं बिल झालं, दुकानाचं नाव, क्रमांक, तारीख, आईचं नाव. पाटी अजून तिथेच आहे. निघताना मी तिच्याकडे बोट दाखवून मालकांना म्हणाले की ही काढायला हवी. "बघतो," म्हणाले.

परतीच्या गाडीत बसवताना आई सारखी बोलत होती, ब्लाउजला बाहीला लाल काठ लावायचा की वेगळा खण घ्यायचा. शेवटी गाडी हलता हलता खिडकीतून विचारलं, "त्या जांभळ्या साडीचं आता काय करतील गं?" मला सांगता आलं नाही. काका, तुम्हाला माहीत असेल.

गादीवरचा (३ डिसेंबर, सकाळी ७:४०)

पांढऱ्या कागदाचं मला ३१ वर्षांत सुचलं नाही. त्यांना माझा नमस्कार सांगा.

व्यापारी घेणार असेल तर साडी त्याच्याकडे परत जाईल. पुष्कळदा तो म्हणतो, पाठवू नका, भाव कमी करतो. मग ती दुकानातच कमी भावात निघते, आणि घेणारी बहुतेक शिवणारीच बाई असते. चार बोटांचा पट्टा सोडला तर तेवढ्यात दोन लहान मुलींची परकर-पोलकी आरामात होतात.

वाईची_लेक (३ डिसेंबर, सकाळी ८:१०)

आईला वाचून दाखवलं. म्हणते, तीन होतात.